फोटोत ओला, हातात कोरडा : खडे-खनिजांच्या देवघेवीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फोटो पाहून जॅस्पर आणि अकीक या रंगीत दगडांचा पाच किलो कच्चा माल घेतला. फोटोतला रंग अप्रतिम होता. हातात आलेला माल फिका निघाला आणि कापायला घेतल्यावर निम्मे तुकडे चिरांवरून सुटले. विकणाऱ्याने फसवलं असं समजायचं का? पुढच्या वेळी काय बघू?

उत्तर : लगेच फसवलं म्हणू नका. कच्चा दगड ओला करून दाखवायची पद्धत सगळीकडे आहे आणि तिला कारणही आहे. न घासलेला पृष्ठभाग खडबडीत असतो. त्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून दगड पांढुरका दिसतो. पाण्याचा थर ते खाचखळगे भरून काढतो आणि पॉलिशनंतर येणाऱ्या रंगाच्या जवळचा रंग दिसू लागतो. अडचण एवढीच, की तेच पाणी बारीक चिराही झाकतं.

म्हणून एकाच तुकड्याचे ओला आणि कोरडा असे दोन फोटो मागायचे. तिसरा फोटो सगळ्यांत कामाचा : दगड भिजवून, फडक्याने टिपून, मिनिटभर थांबून काढलेला. तोवर पृष्ठभाग वाळतो, पण चिरेत शिरलेलं पाणी मागे राहतं आणि चीर गडद रेघेसारखी उमटते. दगड समोर असेल तर हे स्वतःच करून बघा. दगड कडेकडून मधल्या भागाकडे फिका होत जातो आणि त्यात एखादी रेघ काळीच राहते. ती रेघ मध्येच विरली तर तुकडा अजून कामाचा आहे. या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली असेल तर एक दगड न धरता दोन धरूनच हिशेब करा. उलट, जी रेघ बाकीच्या दगडाबरोबरच वाळते ती बहुधा जुनी, निसर्गानेच गारेने भरून काढलेली चीर असते. ती सहसा सुटत नाही. कित्येकदा तीच दगडाची नक्षी असते, म्हणून तिच्यासाठी चांगला माल नाकारू नका.

अर्धपारदर्शक अकिकाच्या मागे विजेरी धरली की आतली चीर चकाकत्या पडद्यासारखी दिसते. मुठीएवढे दोन तुकडे एकमेकांवर हलकेच आपटून आवाजही ऐका. अखंड दगड खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो. बोटाला तेलकट लागणारा दगड मात्र साबणाने धुऊन दोन दिवस वाळल्याशिवाय पसंत करू नये, कारण तेल चिरेत बसलं की वर सांगितलेली पाण्याची परीक्षा चुकते.

आता वजनाबद्दल. पाच किलो दगड घेतला म्हणजे पाच किलोचे काप निघत नाहीत. समजा ठोकळा ६० मिलिमीटर जाड आहे आणि ६ मिलिमीटरचे काप हवेत. पात्याची रुंदी १.५ मिलिमीटर असेल तर दहा नव्हे, आठच काप निघतात. बाकीचा पाचवा हिस्सा गाळ आणि उरलेली खपली होऊन जातो. त्या आठांतले पहिला आणि शेवटचा बाहेरच्या सालीचे, म्हणजे बहुधा टाकाऊ. म्हणून किलोच्या भावापेक्षा ‘यातून माझ्या मापाचे किती कॅबोशॉन (वरून घुमटासारखे, खालून सपाट घासलेले खडे) निघतील’ हा प्रश्न आधी विचारा. एका बाजूने कापून खिडकी उघडलेला दगड किलोमागे महाग पडला तरी बहुतेक वेळा तोच परवडतो.

प्रश्न : एका जुन्या छंदिष्टाकडून १० इंची स्लॅब सॉ (दगडाचे काप काढायची करवत) आणि सहा चाकांचं कॅबिंग मशीन (खडे घासून पॉलिश करायचं) मिळतंय. दोन्ही सुरू करून दाखवली. एवढं पाहणं पुरे आहे का?

उत्तर : मोटर फिरली यावरून फक्त मोटर चालू आहे एवढंच कळतं. करवतीपासून सुरुवात करा आणि आधी प्लग काढा. शाफ्टचं टोक धरून वर-खाली हलवा. जराही खडखडलं तर बेअरिंग गेलं. मग पात्याच्या कडेजवळ पेन्सिल घट्ट टेकवून पातं हाताने सावकाश फिरवा. पेन्सिल आणि पातं यांमधली फट कमी-जास्त होत असेल तर पातं डोलतंय. पण पात्याला दोष देण्याआधी ते उतरवून दोन्ही फ्लँज (पात्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या) पुसून बघायला सांगा. फ्लँजमागे अडकलेला एखादा वाळूचा कणही पात्याला तेवढाच डोलवतो.

त्यानंतर शिकंजा, म्हणजे दगड पकडून पात्याकडे नेणारा भाग. त्यात एक सपाट काप पकडा आणि कापाचा एकच ठरावीक बिंदू आधी पात्याच्या पुढच्या कडेपाशी, मग शिकंजा सरकवून मागच्या कडेपाशी आणा. दोन्ही ठिकाणी पात्यापासूनचं अंतर सारखं यायला हवं. नसेल तर शिकंजा पात्याला समांतर चालत नाही. असं पातं कापताना एका अंगाने घासतं, तापतं आणि बशीसारखं वाकतं. बशी झालेलं पातं पुन्हा सरळ करणं हौशी माणसाच्या हातचं नाही. नवं पातं लावलं तरी शिकंजा तसाच असेल तर तेही त्याच वाटेने जाणार.

शेवटी स्वतःचा अकिकाचा तुकडा नेऊन एक काप काढून बघा. कापलेल्या पृष्ठभागावर बोट फिरवा. बारीक रेघा असणारच, त्यांची काळजी नको. नखाला अडकतील अशा खोल कमानी दिसल्या तर वरचा एखादा दोष नक्की आहे. पातं फार सावकाश कापत असेल तर दोन शक्यता असतात. एक म्हणजे हिऱ्याचे कण संपले. दुसरी म्हणजे कण आहेत, पण भोवतीचा धातू त्यांच्यावर पसरून पातं ‘बंद’ झालंय. ड्रेसिंगच्या (पातं मोकळं करायच्या) दगडातून किंवा मऊ विटेतून दोन-चार काप घेतले की बंद पातं पुन्हा चावू लागतं, संपलेलं लागत नाही. ही परीक्षा विकणाऱ्यासमोरच करावी.

तेलावर चालणाऱ्या करवतीत आधी पाणी वापरलेलं आहे का, हे टाकीच्या तळाशी आणि शिकंज्याच्या स्क्रूवर आलेल्या गंजावरून कळतं. तेलाऐवजी रॉकेल किंवा डिझेल भरून मशीन विकत असतील तर ते रिकामं करूनच घरी आणा. पातं फिरताना हवेत त्याचं धुकं उठतं. ते पेट घेऊ शकतं आणि कातडी व फुप्फुस दोन्हींना त्रासदायक असतं.

कॅबिंग मशीनची चाकं बहुधा ८०, २२०, २८०, ६००, १२००, ३००० अशा क्रमाने असतात (आकडा जितका मोठा, तितके कण बारीक). पहिली दोन कडक, धातूत बसवलेल्या हिऱ्याची. पुढची चार मऊ, रेझिनची (कृत्रिम राळेची). ८०च्या चाकाच्या मध्ये खोबण पडली आहे का बघा. एकाच जागी दगड धरायची सवय असली की ती पडते. मऊ चाकांचा दोष डोळ्याला दिसत नाही. ३०००च्या चाकात ८०चा एक कण शिरला की प्रत्येक दगडावर ओरखडा येतो. यासाठी पॉलिश झालेला सपाट ऑब्सिडियन (ज्वालामुखीतून आलेली नैसर्गिक काच) सोबत न्यावा. ३०००च्या चाकावर थोडा वेळ धरून भिंगाखाली बघितला की निकाल तिथल्या तिथे लागतो. मशीन दहा मिनिटं चालवून बेअरिंगच्या घरावर हात ठेवा. ते चटका लागेल इतकं तापलं किंवा त्याखालून तांबूस पाणी गळलं तर पाणी आत शिरलंय.

चाकं ही झिजणारी वस्तू आहे. सहाही नव्याने घ्यायला किती लागेल ते आधी काढा आणि सांगितलेल्या किमतीत ते मिळवून मग नव्या मशीनशी तुलना करा. पुष्कळदा जुनं मशीन स्वस्त राहतच नाही. हिऱ्याऐवजी सिलिकॉन कार्बाइडची जुनी दगडी चाकं असतील तर जास्त जपा. चाक बंद ठेवून पाण्यात उभं राहिलं असेल तर खालचा भाग पाणी पितो, जड होतो, आणि मशीन सुरू करताच चाक थरथरून फुटू शकतं. चाक उतरवून, कोरडं करून, एखाद्या हत्याराच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकावं. खणखणीत वाजलं तरच लावावं.

प्रश्न : परदेशातून वापरलेलं मशीन मागवतोय. तिथला वीजपुरवठा ११० व्होल्टचा आणि इथला २३० व्होल्टचा आहे. ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना?

उत्तर : व्होल्टेजचा प्रश्न सुटेल, फ्रीक्वेन्सीचा नाही. ६० हर्ट्झवर मिनिटाला १,७२५ फेरे घेणारी साधी मोटर ५० हर्ट्झवर साधारण १,४४० फेरे घेते आणि जास्त तापते. पातं एक षष्ठांशाने मंदावतं. मोटर बदलणं परवडणार असेल तर मशीन नुसत्या सांगाड्याच्या किमतीला मागा. नव्या मोटरला योग्य पुली लावून मूळ वेग परत आणता येतो.

प्रश्न : ‘सुनेला’ (पिवळा क्वार्ट्झ, म्हणजे गार) म्हणून घेतलेला स्फटिक हा भाजलेला जमुनिया (जांभळा क्वार्ट्झ) आहे असं एकाने सांगितलं. पिरोजा आणि मालाकाइट (हिरव्या पट्ट्यांचा दगड) यांच्याबद्दलही शंका येते आहे. प्रयोगशाळेत न जाता काय तपासता येईल?

उत्तर : बाजारातला बहुतांश सुनेला भाजलेलाच जमुनिया असतो. खाली चुन्यासारखा पांढरा बुंधा, वर टोकांना गडद नारिंगी किंवा विटकरी रंग, आणि जमुनियाच्या गुच्छासारखी आखूड टोकं ही त्याची खूण. नैसर्गिक सुनेला फिकट, किंचित धुरकट पिवळा असतो आणि रंग सबंध स्फटिकभर असतो. भाजलेलाही खरा क्वार्ट्झच आहे. तो विकण्यात गैर नाही, न सांगता विकण्यात आहे.

पिरोज्यासाठी ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मागच्या बाजूला घासा. कापूस निळा झाला तर रंगवलेला हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट (हे मुळात पांढरे दगड) समजा. रंगावर रेझिन चढवलेलं असेल तर कापूस पांढराच राहतो. अशा वेळी मण्याचं भोक किंवा उडालेला टवका भिंगातून बघा. आत पांढरं दिसलं की उत्तर मिळालं.

मालाकाइटला घरचा वजनकाटा पुरतो, फक्त तो ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. दगडाचं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. दगड दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर येणारा आकडा म्हणजे दगडाने बाजूला सारलेलं पाणी. दगडाच्या वजनाला त्याने भागा. ३८ ग्रॅमचा तुकडा १९.५ दाखवत असेल तर घनता १.९५ येते. मालाकाइटची घनता ३.६ ते ४ असते. खरा असता तर आकडा १० च्या आसपास आला असता. ही रेझिनची नक्कल आहे. बुडबुडे चिकटले असतील तर ओल्या कुंचल्याने काढा, नाहीतर घनता कमी भरते. सच्छिद्र पिरोज्याला ही रीत भरवशाची नाही. काच आणि क्वार्ट्झ यांची घनताही जवळजवळ असल्याने तिथे दोन पोलरायझिंग पडदे (उजेड एकाच दिशेने गाळणारे) वापरा. ते एकमेकांना आडवे धरून मध्ये दगड फिरवला की क्वार्ट्झ उजळतो-मंदावतो, काच सहसा काळीच राहते. स्फटिक आणि त्याची दगडी बैठक यांच्या सांध्यावर ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी मारून बघा. डिंकाने जोडलेलं असेल तर तिथे बहुतेक वेळा निळसर-पांढरी रेघ चमकते.

प्रश्न : पैसे न देता अदलाबदल करायची आहे. माझ्याकडे जॅस्परचे काप आहेत, समोरच्याकडे फ्लोराइटचे नमुने. बरोबरी कशी ठरवायची? आधी कोणी पाठवायचं?

उत्तर : किलोला किलो हा हिशेब इथे चालत नाही. दोघांनी आपापल्या वस्तूची, दुसऱ्या हौशी माणसाला विकताना सांगू ती किंमत मनात धरावी आणि त्याच पायावर जुळवावी. एकाने दुकानातला भाव आणि दुसऱ्याने घाऊक भाव धरला की कुरबुर ठरलेली. पार्सलचा खर्च वेगळा काढा. दहा किलो जॅस्पर पाठवणाऱ्याला चाळीस ग्रॅमच्या नमुन्यापेक्षा कितीतरी पट भुर्दंड बसतो, तेव्हा दोन्हीकडचा खर्च एकत्र करून निम्मा-निम्मा वाटणं न्याय्य.

आधी लेखी ठरवायच्या गोष्टी थोड्याच आहेत : मोजपट्टीसह फोटो, वजन, प्रत्येक टवक्याचा उल्लेख, वाटेत फुटलं तर नुकसान कोणाचं, किती दिवसांत परत करता येईल. कापायच्या मालाला एक अट जास्तीची हवी : पातं लागलेला दगड परत घेतला जाणार नाही. आत काय निघेल ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. ज्याचे व्यवहार कमी झालेत त्याने आधी पाठवावं असा रिवाज आहे. दोघेही नवे असाल तर एकाच दिवशी टाकून पार्सलचे क्रमांक कळवा.

प्रश्न : स्कोलेसाइट या खनिजाच्या सुईसारख्या स्फटिकांचा गुच्छ पाठवायचा आहे. कापसात गुंडाळला तर चालेल?

उत्तर : कापूस अजिबात नको. त्याचे तंतू सुयांत अडकतात, आणि काढणारा एक तंतू ओढतो तेव्हा दहा सुया बरोबर येतात. सुयांना कशाचाच स्पर्श होऊ नये, भार सगळा बैठकीने घ्यावा. कडक प्लॅस्टिकची डबी घ्या. तिच्या तळाशी बैठकीच्या आकाराची खाच पाडलेला फोमचा ठोकळा घट्ट बसवा. बैठक त्यात दाबून वरून फक्त बैठकीवर पट्टी बांधा. झाकण लावून डबी कानाशी धरून हलवा. बारीकसा टिकटिक आवाज आला तरी पुन्हा बांधा. ही डबी मोठ्या खोक्यात, सगळीकडून किमान ५ सेंटिमीटर गादी ठेवून. ‘नाजूक’ असं लिहिल्याने फारसा फरक पडत नाही. खोकं कधीतरी उलटं पडणारच असं धरून बांधायचं.

काप पाठवताना उलट करतात. प्रत्येक काप कागदात गुंडाळून सगळे एकमेकांना चिकटून, कडेवर उभे ठेवतात. आडवी चळत रचली तर वरच्यांच्या भाराने खालचा मोडतो. कच्चे धोंडे आणि नमुने एका खोक्यात कधीच नकोत. थंड हवेतून आलेलं पार्सल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत न उघडता ठेवा. गंधकाचे स्फटिक तर तळहाताच्या उबेनेही तडकतात.

प्रश्न : मामांचा सुमारे तीनशे खनिजांचा संग्रह आमच्याकडे आला आहे. धुऊन-पुसून विकायला काढायचा विचार आहे.

उत्तर : धुऊ नका. सैंधव पाण्यात विरघळतं, झिओलाइट जातीच्या खनिजांच्या सुया नळाच्या धारेखाली मोडतात. कशाला काय चालतं हे कळेपर्यंत मऊ कुंचल्याने धूळ झटकण्यापलीकडे काही करू नये.

पहिलं काम म्हणजे एकही वस्तू न हलवता प्रत्येक खणाचा वरून फोटो काढणं. कोणती चिठ्ठी कोणत्या दगडाखाली होती हे एकदा विसकटलं की परत जुळत नाही, आणि संग्रहाचं निम्मं मोल त्या चिठ्ठ्यांत असतं. नुसतं ‘कॅव्हनसाइट, भारत’ आणि ‘कॅव्हनसाइट, वाघोलीची खाण, पुणे जिल्हा’ यांत फरक आहे. नामिबियातल्या त्सुमेब खाणीतलं खाणकाम १९९६ मध्ये थांबलं, म्हणून तिथला जुना नमुना चिठ्ठीसह असेल तर संग्राहक त्यासाठी वाट बघत असतात. चिठ्ठी गेली की तोच नमुना ‘कुठलातरी ॲझुराइट’ होतो. दगडाच्या तळाशी रंगाच्या ठिपक्यावर आकडा लिहिलेला दिसला तर खरवडू नका, त्याच्या जोडीची वही घरात शोधा. पिवळ्या पडलेल्या, फाटक्या चिठ्ठ्याही नमुन्याबरोबरच द्यायच्या. नवी चिठ्ठी केली तरी जुनी टाकायची नाही.

मग जाणकाराच्या मदतीने उत्तम वीस-पंचवीस नमुने वेगळे काढून एकेक विका आणि बाकीचे लॉटने. सगळा संग्रह एकाच व्यापाऱ्याला दिलात तर सुट्या विक्रीपेक्षा बरंच कमी मिळेल. त्याला साधे नमुने वर्षानुवर्षं सांभाळावे लागतात, तेव्हा ते गैर नाही. मात्र त्याला फक्त उत्तम पंचवीस नेऊ देऊ नका, मग उरलेले कोणी विचारत नाही. लाल रिअलगार उजेडात पिवळा पडून भुगा होतो, मार्कासाइटवर पांढरी पूड धरली आणि गंधकाचा वास आला तर तो कुजू लागला आहे. असे नमुने लगेच वेगळे ठेवा.

प्रश्न : कोणते दगड विकताना धोक्याची सूचना द्यायला हवी?

उत्तर : रिअलगार आणि ऑर्पिमेंटमध्ये आर्सेनिक, सिनाबारमध्ये पारा, टॉर्बर्नाइट-ऑट्युनाइटमध्ये युरेनियम असतं. तंतुमय क्रायसोटाइल म्हणजे ॲसबेस्टॉसच. ही नावं चिठ्ठीवर स्पष्ट लिहावीत. किरणोत्सारी खनिजं टपालाने पाठवण्यावर निर्बंध असतात, आधी विचारून घ्या. कापायचा माल विकताना नवख्याला एवढं जरूर सांगा, की अकीक-जॅस्परसारख्या साध्या दगडाचीही कोरडी धूळ सिलिकोसिस (फुप्फुसांचा आजार) करते, कापणं-घासणं नेहमी पाण्यात किंवा तेलात. परदेशी पाठवायचा दगड ब्रशने धुऊन, खाचांतली माती काढून पाठवा. पुष्कळ देशांत मातीला मज्जाव असतो आणि चिमूटभर मातीपायी अख्खं पार्सल अडकतं. प्रवाळाच्या काही जातींना आंतरराष्ट्रीय परवान्याचे नियम लागू होतात.

प्रश्न : वापरलेला रोटरी टंबलर (खडे ड्रममध्ये फिरवून गुळगुळीत करायचं यंत्र) घेतोय. सोबत उरलेल्या घासायच्या पावडरींचे (ग्रिट) डबेही देतायत. घेऊ?

उत्तर : ड्रम दोन-तृतीयांश खड्यांनी भरा, खड्यांच्या किंचित खाली येईल इतकं पाणी घाला आणि रात्रभर चालवायला सांगा. झाकणाच्या कडेला ओल दिसली तर रबराची कड चिरली आहे. पुष्कळदा कडेत अडकलेला कणच कारण असतो, पुसून पुन्हा बघा. पट्ट्याला भेगा असणं किरकोळ, तो सहज बदलता येतो. पावडरींपैकी ६०/९० चा उघडा डबा बिनधास्त घ्या, त्यात बारीक कण मिसळले तरी बिघडत नाही. ५०० ची आणि पॉलिशची पावडर मात्र सीलबंद असेल तरच, कारण जाड ग्रिटचा चमचा एकदा त्या डब्यात बुडला असेल तर तुमचे आधीचे तीन आठवडे वाया जातात.